वाचकांचे प्रश्न : चित्रातली पेशी आणि काचेखालची पेशी

पेशीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच अडचण आहे : पुस्तकातल्या चित्रात जे दिसते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते चित्रात सापडत नाही. म्हणून या वेळी उत्तरे देताना काय दिसते, किती मोठे दिसते आणि काय दिसणे शक्यच नाही, यावर भर दिला आहे.

कांद्याच्या सालीची स्लाइड केली की काळ्या कडांची गोल वर्तुळे दिसतात आणि मुले तीच पेशी समजून वहीत काढतात. पेशी सापडल्या तरी केंद्रक दिसत नाही. नेमके कुठे चुकते?
– विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

ती वर्तुळे हवेच्या बुडबुड्यांची आहेत. कड जाड आणि काळी, आत लख्ख उजेड आणि आकार अगदी गोल, ही त्यांची खूण. कव्हरस्लिपवर सुईचे टोक हलके टेकवले की ते सरकतात किंवा आकार बदलतात. कांद्याच्या पेशी लांबट, रांगेने एकमेकींना चिकटलेल्या आणि टोकांना तिरप्या असतात. हा फरक मुलांना आधी सांगून ठेवला तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

बुडबुडे येतात ते पापुद्रा सुकल्यामुळे, त्याला घडी पडल्यामुळे किंवा कव्हरस्लिप सपाट टाकल्यामुळे. त्यासाठी असे करा. कांदा उभा चिरून चार फोडी करा. बाहेरचे एकदोन थर सोडून पुढचा जाड, रसदार थर घ्या. त्याच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूवर ब्लेडने ५ मिलिमीटरचा चौरस हलकेच आखा. खोल कापू नका. एक कोपरा चिमट्याने उचलला की पारदर्शक पापुद्रा सहज सुटून येतो. तो लगेच काचबशीतल्या पाण्यात सोडा. हवेत अर्धा मिनिट राहिला तरी गुंडाळी होते आणि मग ती उलगडत नाही. चौरस मोठा घेण्याचा मोह टाळा, कारण मोठ्या तुकड्याला घडी पडतेच.

काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवा, त्यात पापुद्रा पसरा, सुई किंवा बारीक ब्रशने सुरकुत्या काढा. आयोडीनचा एक थेंब टाकून दोन मिनिटे थांबा. सॅफ्रानिन वापरत असाल तर १ टक्का द्रावणाचा एक थेंब अर्ध्या मिनिटासाठी पुरतो, पण नंतर पाण्याने धुवावे लागते, नाहीतर सगळेच लाल दिसते. मग कव्हरस्लिपची एक कड द्रवाच्या काठाला टेकवून, ४५ अंशांत धरून, सुईच्या आधाराने सावकाश खाली आणा. एवढे करूनही बुडबुडा अडकला तर एका कडेला पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. पाणी ओढले जाताना बहुतेक बुडबुडे वाहून जातात.

आयोडीनचे द्रावण शाळेतच करता येते : पोटॅशियम आयोडाइड २ ग्रॅम, आयोडीन १ ग्रॅम, एकूण पाणी ३०० मिलिलिटर. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी आयोडाइड दहाएक मिलिलिटर पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन घाला, ते पूर्ण विरघळले की मग उरलेले पाणी. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आयोडाइडशी त्याचा संयोग झाला तरच ते द्रावणात उतरते. उलट क्रमाने केले की स्फटिक बाटलीच्या तळाशी बसतात आणि वर फिकट पाणी उरते. बाटली तपकिरी काचेची, घट्ट बुचाची असावी.

आता केंद्रक. बहुतेक वेळा दोष असतो तो जास्त उजेडाचा. डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करणारी झडप) सताड उघडा असेल तर पारदर्शक वस्तूंच्या कडा उजेडात बुडून जातात. डायफ्रॅम अर्ध्याहून कमी उघडा ठेवा, कंडेन्सर (वस्तूवर उजेड एकवटणारे भिंग) थोडा खाली घ्या. केंद्रक उठून दिसू लागते. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा आकाशाकडे वळवा, सूर्याकडे कधीही नाही. थेट सूर्यप्रकाशाने डोळ्याला कायमची इजा होते.

आणि केंद्रक शोधायचे ते भिंतीलगत. कांद्याच्या वाढ झालेल्या पेशीत मधली रिक्तिका (रसाने भरलेली पोकळी) पेशीचा बहुतेक भाग व्यापते आणि पेशीद्रव्याचा पातळ थर केंद्रकासह भिंतीला लागून राहतो. काही पेशींत ते मधोमध दिसते, कारण तिथे ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेले असते आणि आपण वरून पाहत असतो. बारीक स्क्रू मागेपुढे फिरवत राहा. एका पेशीत न दिसलेले केंद्रक थोड्या वेगळ्या पातळीवर सापडते. आयोडीनने ते पिवळट-तपकिरी होते. निळे-काळे दाणे दिसले तर आधी ब्लेड तपासा : कांद्यात स्टार्च जवळपास नसतो, ते दाणे बहुधा आधी कापलेल्या बटाट्याचे असतात.

४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली (वस्तूकडच्या भिंगाखाली) चित्र स्पष्ट होतच नसेल तर काचपट्टी उलटी ठेवली गेली आहे का ते पाहा. हे भिंग वस्तूच्या अर्ध्यापाऊण मिलिमीटर इतके जवळ यावे लागते. मध्ये काचपट्टीची जाडी आली की तितके जवळ जाता येत नाही आणि भिंग काचेवर आपटते.

पेशीचा आकार मोजण्यासाठी महागडे उपकरण लागते का? आणि २५ पटीची नेत्रिका विकत घेतली तर तंतुकणिका दिसतील का?
– दहावीचा विद्यार्थी, नांदेड

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : नाही. नेत्रिकेवर, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावर, पटीच्या आकड्याशेजारी १८ किंवा २० असा दुसरा आकडा कोरलेला असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागले की दिसणाऱ्या गोल क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १८ चा आकडा असेल तर १० पटीखाली १.८ मिलिमीटर आणि ४० पटीखाली ०.४५ मिलिमीटर. आकडा नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी सर्वांत कमी पटीखाली ठेवून मिलिमीटरच्या रेघा मोजा आणि तिथून पुढचे गणित करा. समजा १.८ मिलिमीटरच्या व्यासावर कांद्याच्या सहा पेशी लांबीने बसल्या, तर एका पेशीची लांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर.

वहीत चित्राखाली ‘४०० पट’ लिहिण्याची पद्धत मात्र सोडा. ४०० पट ही सूक्ष्मदर्शकाची क्षमता झाली, तुमच्या चित्राची नव्हे. ०.३ मिलिमीटरची पेशी तुम्ही ६ सेंटिमीटर लांब काढली असेल तर चित्र २०० पट मोठे आहे, तेच लिहा.

आता नेत्रिका. ती घेऊ नका. मोठे दिसणे आणि बारकावे वेगळे दिसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बारकावा ठरतो तो प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल ॲपर्चरवर (भिंग किती रुंद कोनातला उजेड गोळा करते ते सांगणारा आकडा). ४० पटीच्या भिंगावर ०.६५ असा आकडा दिसेल, तो हा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली तर अशा भिंगाखाली एकमेकांपासून सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात. तेल लावून वापरायच्या १०० पटीच्या, १.२५ ॲपर्चरच्या भिंगाखाली ही मर्यादा पाव मायक्रोमीटरपर्यंत खाली येते. उपयोगी मोठेपणाची कमाल मर्यादा ॲपर्चरच्या हजारपट, म्हणजे ०.६५ ला ६५०. तुमची नेत्रिका २५ गुणिले ४० म्हणजे हजार पट दाखवेल. त्यात वाढेल तो फक्त धूसरपणा. मोबाइलच्या झूमचेही तेच.

तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हे पेशीला ऊर्जा पुरवणारे अंगक, म्हणजे पेशीतला छोटा अवयव. तिची रुंदी अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे ती या मर्यादेच्या काठावर आहे, शिवाय पारदर्शक आहे. ती पाहायला जानस ग्रीन बी हे रंजक जिवंत पेशींना द्यावे लागते. प्रथिने बनवणारे रायबोसोम २० ते ३० नॅनोमीटरचे आणि प्रद्रव्यपटलाची (पेशीद्रव्याभोवतीच्या पातळ पडद्याची) जाडी ७ ते ८ नॅनोमीटर. हे कोणत्याही साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात दिसणार नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, जो मॅक्स नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली प्रथम तयार केला. कांद्याच्या पेशीभोवती तुम्हाला जी रेघ दिसते ती पेशीभित्तिका आहे. तिला प्रद्रव्यपटल म्हणून नाव देणे ही परीक्षेच्या वह्यांत सर्रास आढळणारी चूक आहे.

रॉबर्ट हूकने बुचातल्या रिकाम्या, मृत पेशी पाहिल्या. मग पेशीच्या शोधाचे श्रेय त्याला देणे योग्य आहे का?
– निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

योग्य आहे, पण कशाचे श्रेय ते नीट सांगायला हवे. हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’त बुचाचे निरीक्षण आहे. धारदार चाकूने त्याने बुचाचा अतिशय पातळ काप काढला. बूच पांढरट असल्यामुळे तो काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर प्रकाश एकवटला. काप पातळ हवा, पार्श्वभूमी विरोधी रंगाची हवी आणि प्रकाश पुरेसा हवा, हे त्याला नेमके कळले होते. आणि तो मोजणारा माणूस होता. एका इंचात १०८० कप्पे, म्हणून चौरस इंचात ११,६६,४०० आणि घन इंचात १२५ कोटींहून अधिक, असा हिशेब त्याने मांडला. त्यावरून एका कप्प्याची रुंदी सुमारे २३.५ मायक्रोमीटर येते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या उपकरणावर काढलेला हा आकडा आजच्या मोजमापाशी जुळतो, हे खरोखर थक्क करणारे आहे.

‘त्याने फक्त मृत पेशी पाहिल्या’ हे वाक्य अपुरे आहे. गाजर, नेचे अशा इतर वनस्पतींतही त्याने असेच कप्पे पाहिले आणि हिरव्या वनस्पतींत ते रसाने भरलेले असतात असे नोंदवले. त्याच्या हातून राहिले ते पुढचे पाऊल : हे कप्पे सगळ्या सजीवांच्या रचनेचे एकक आहेत, हे त्याने म्हटले नाही. त्यांच्याकडे तो रस वाहून नेणाऱ्या पोकळ्या म्हणून पाहत होता.

हलणारे, जिवंत एकपेशीय जीव पाहिले ते डेल्फ्टमधल्या कापडाच्या व्यापाऱ्याने, अँटनी व्हान लेव्हेनहुकने. १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव, १६७६ च्या पत्रात जीवाणू आणि १६८३ मध्ये दातांवरच्या किटणातले जीवाणू. त्याची उपकरणे एकाच, स्वतः बनवलेल्या भिंगाची होती. आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत ताकदवान उपकरण सुमारे २६६ पट मोठे दाखवते.

यानंतर दीड शतक फारशी प्रगती का झाली नाही? कारण दोन भिंगांच्या सूक्ष्मदर्शकात प्रत्येक कडेला इंद्रधनुषी झालर यायची. १८३० च्या सुमारास हा दोष काढलेली भिंगे मिळू लागली आणि त्यानंतर निष्कर्ष भराभर आले. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ओळखून त्याला नाव दिले. माथियास श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि थिओडोर श्वानने १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल पेशीसिद्धान्त मांडला. मात्र नवी पेशी कशी होते याबद्दल दोघेही चुकले. एखाद्या द्रवातून स्फटिक तयार व्हावा तशी ती बनते, असे त्यांचे मत होते. पेशी पेशीच्या विभाजनानेच होते हे रॉबर्ट रेमाकने कोंबडीच्या गर्भावर काम करून दाखवले. १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरखोने तेच तत्त्व सूत्ररूपाने मांडले आणि नाव त्याचे झाले. वर्गात सिद्धान्त शिकवताना रेमाकचे नाव जरूर घ्यावे, असे आम्हाला वाटते.

गालाच्या आतल्या पेशींची स्लाइड मिथिलीन ब्लूने रंगवली. पेशींवर गडद निळे बारीक ठिपके दिसले. मुलांनी ते तंतुकणिका म्हणून दाखवले. बरोबर आहे का?
– शिक्षक, रत्नागिरी

नाही. ते तोंडातले जीवाणू आहेत, आणि त्यामुळेच ही स्लाइड इतकी मोलाची आहे. एकाच नजरेच्या टप्प्यात दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) आणि आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेल्या), दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारीशेजारी मिळतात. गालाची पेशी ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद, वेडीवाकडी, कडा दुमडलेली, मध्ये गडद केंद्रक. जीवाणू जेमतेम एक मायक्रोमीटरचा. कधी जोडीने, कधी साखळीत, आणि पेशीच्या कडेबाहेर, मोकळ्या काचेवरही सापडतो. ही शेवटची गोष्ट मुलांना दाखवा. पेशीचे अंगक पेशीबाहेर दिसणार नाही, त्यामुळे ठिपका कशाचा हे ती स्वतःच ठरवू शकतील.

चूळ भरून स्वच्छ इअरबड गालाच्या आतून हलके फिरवा. खरवडायचे नाही, रक्त येता कामा नये. काचपट्टीवर एकाच दिशेने पातळ पसरवून हवेत सुकू द्या. ओल्या थरावर रंजक टाकले तर पेशी वाहून जातात. अर्धा ग्रॅम मिथिलीन ब्लू १०० मिलिलिटर पाण्यात, एकदोन थेंब, दीड मिनिट, मग काठावरून सावकाश पाणी सोडून धुवा. जाड थर दिला तर पेशी एकावर एक चढून निळा डाग दिसतो. प्रत्येकाने स्वतःचाच नमुना हाताळावा. वापरलेले इअरबड आणि काचपट्ट्या घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग अशा द्रावणात अर्धा तास ठेवून मग टाकाव्यात किंवा धुवाव्यात.

जीवाणूची पेशी म्हणजे आपल्याच पेशीची लहान आणि साधी आवृत्ती, असे म्हणता येईल का? लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा बातम्यांत ‘आर्किया’ हा शब्द वाचला. ते जीवाणूच ना?
– वाचक, बुलढाणा

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. जीवाणूत पटलाने वेढलेले केंद्रक नसते. डीएनए पेशीद्रव्यातच एका भागात गोळा झालेला असतो. तंतुकणिका, गॉल्गी, आंतर्द्रव्यजालिका ही पटलांनी बनलेली अंगके नसतात. पण ही अपूर्णता नव्हे, बांधणीच वेगळी आहे. जीवाणूची भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते, जी आपल्या पेशींत मुळातच नाही, म्हणून पेनिसिलिन तिच्यावर घाव घालते आणि आपल्या पेशींना सोडून देते. त्याचे रायबोसोम ७०एस, आपल्या पेशीद्रव्यातले ८०एस (‘एस’ हे रायबोसोमचा आकार दाखवणारे एकक). टेट्रासायक्लीन आणि ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके या फरकाच्या जोरावर काम करतात. लहानपणाचा नियमही पक्का नाही. कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावरच्या खारफुटीत सापडलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचे वर्णन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आर्कियांनाही केंद्रक नसते, म्हणून बराच काळ त्यांना जीवाणूच मानले गेले. १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवले की हा सजीवांचा स्वतंत्र गट आहे. त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते आणि पटलातल्या मेदरेणूंची जोडणी वेगळ्या रासायनिक बंधाने झालेली असते.

लोणारचे सरोवर खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये पाण्याची पातळी खाली गेली, क्षार दाट झाले आणि रंग बदलला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्यामागे हॅलोआर्किया, म्हणजे मिठात वाढणारे आर्किया असल्याचे सांगितले. त्यांच्या पेशीत गुलाबी रंगद्रव्य असते. पाण्याचा नमुना न हलवता ठेवला की पेशी तळाशी बसून वरचे पाणी स्वच्छ झाले, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पेशींत होता.

पुस्तकातल्या चित्रात दाखवलेली सगळी अंगके प्रत्येक पेशीत असतात का?
– पालक, पुणे

नसतात. ते चित्र कोणत्याही एका पेशीचे नाही. लिफ्टजवळ लावलेल्या इमारतीच्या नकाशात सगळे मजले एकाच कागदावर काढावेत, तशी ती सोय आहे. आपल्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. त्या सुमारे १२० दिवस जगतात आणि विभागत नाहीत. यकृताच्या एका पेशीत तंतुकणिका हजाराहून जास्त. स्वादुपिंडाच्या पाचकरस करणाऱ्या पेशीत रायबोसोम लागलेली आंतर्द्रव्यजालिका खच्चून भरलेली, कारण तिचे कामच प्रथिने बनवून बाहेर पाठवण्याचे. सांगाड्याच्या स्नायूचा तंतू ही अनेक केंद्रके असलेली एक पेशी. प्राण्यांच्या पेशीत विभाजनाच्या वेळी उपयोगी पडणारी तारककेंद्रे फुलझाडांच्या पेशींत नसतात. कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या थरांना उजेड मिळत नाही, म्हणून हरितलवके (हिरवे रंगद्रव्य असलेली अंगके) नाहीत. कांद्याच्या चित्रात हिरवे ठिपके काढणाऱ्या मुलाने पुस्तक पाहिले आहे, काच पाहिलेली नाही.

ऱ्हिओच्या पानाचा रससंकोचाचा प्रयोग कधी जमतो, कधी नाही. मिठाचे प्रमाण किती घ्यावे? आणि पाण्यात परत टाकल्यावर पेशी पूर्ववत का होत नाहीत?
– कनिष्ठ महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक, नाशिक

रससंकोच म्हणजे तीव्र द्रावणात पेशीतले पाणी बाहेर जाऊन आतला भाग आकसणे. त्यासाठी ३ टक्के मीठ, म्हणजे ३ ग्रॅम १०० मिलिलिटर द्रावणात. यात दोन ते पाच मिनिटांत रंगीत भाग भित्तिकेपासून सुटून आत सरकलेला दिसतो. १ टक्का पुरत नाही, कारण पेशीतला रसच त्याच्या जवळपासच्या तीव्रतेचा असतो. १० टक्क्यांनी संकोच झटक्यात होतो, पण पेशी मरतात. साखर वापरणार असाल तर ३ टक्के साखरेने काही होणार नाही : परासरण, म्हणजे पटलातून होणारी पाण्याची ये-जा, कणांच्या संख्येवर चालते, वजनावर नाही. मिठाचा कण लहान, शिवाय पाण्यात त्याचे दोन आयन होतात. ३ टक्के मिठाइतका परिणाम हवा असेल तर साखर ३० टक्क्यांच्या आसपास घ्यावी लागते.

साल घ्यायची ती पानाच्या खालच्या, जांभळ्या बाजूची. पान तिरपे फाडले की कडेला पातळ जांभळी झालर सुटते, तीच हवी. हिरवा भाग चिकटून आला तर थर जाड होतो आणि द्रावण आत पोचायला वेळ लागतो. ऱ्हिओ मिळत नसेल तर लाल कांद्याच्या थराची बाहेरची, रंगीत बाजू चालते. काचपट्टी आधी साध्या पाण्यात पाहून घ्या. ज्या पेशींचा रंग तेव्हाच उडालेला असेल त्या सोलताना फाटलेल्या आहेत, त्यांच्यात पुढे काही दिसणार नाही. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाचे द्रावण, दुसरीकडे टिपकागद. तीच पेशी नजरेखाली ठेवून बदल पाहणे, दोन वेगळ्या स्लाइडची तुलना करण्यापेक्षा कितीतरी खात्रीचे.

रंग रिक्तिकेत असतो. पाणी बाहेर गेले की रिक्तिका आकसते आणि रंग अधिक गडद होतो. प्रद्रव्यपटल स्वतः दिसत नाही, पण या वेळी रंगाच्या काठावरून त्याची जागा कळते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर ते ओळखण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पूर्ववत न होण्याचे कारण बहुधा वेळ किंवा घाई. संकुचित पेशी वीसपंचवीस मिनिटे तशीच ठेवली, किंवा तीव्र द्रावणातून एकदम शुद्ध पाण्यात नेली, तर पटल फुगताना फाटते आणि रंग बाहेर सांडतो. पाच मिनिटांत निरीक्षण संपवा, आधी १ टक्का मीठ, मग पाणी असे दोन टप्प्यांत सोडा. काही पेशी तरीही परत येणार नाहीत. त्या मोजा, दहा मिनिटे ठेवलेल्या आणि तीस मिनिटे ठेवलेल्या सालीत वाचलेल्या पेशींची संख्या हा स्वतंत्र, चांगला प्रयोग होतो.

पेशी सूक्ष्म असतात, तर मग शहामृगाचे अंडे ही सर्वांत मोठी पेशी कशी?
– सातवीची विद्यार्थिनी, पणजी

अख्खे अंडे नव्हे, फक्त त्यातला बलक. पांढरा भाग आणि कवच ही अंडवाहिनीत नंतर चढणारी आवरणे आहेत, ती पेशीत मोजायची नाहीत. आणि हे खरे आहे फलन न झालेल्या अंड्याबाबत. फलित अंडे घातले जाईपर्यंत आत हजारो पेशी झालेल्या असतात. दुकानातली कोंबडीची अंडी सहसा फलित नसतात. बशीत अंडे फोडा, बलकावर दोनतीन मिलिमीटरचा फिकट पांढरा ठिपका दिसेल. केंद्रक आणि काम करणारे पेशीद्रव्य तिथे असते. बाकीचा बलक हा अन्नसाठा आहे.

यातच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पेशीत ग्लुकोजसारखा रेणू विसरणाने (आपोआप पसरत जाऊन) १० मायक्रोमीटर सरकायला साधारण ०.१ सेकंद घेतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. १ मिलिमीटरला सतरा मिनिटे, १ सेंटिमीटरला दिवसाहून जास्त. काम करणारी पेशी इतकी वाट पाहू शकत नाही, म्हणून ती लहान राहते. साठवण मात्र मोठी चालते. आपल्या पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो, पण जाडी काही मायक्रोमीटरच, आणि आतला माल विसरणावर न सोडता प्रथिनांच्या मोटरांनी वाहून नेला जातो.

शरीरात आपल्या पेशींपेक्षा दहापट जीवाणू असतात, हे खरे का?
– वाचक, इंदूर

नाही, तो जुना ढोबळ अंदाज होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीनुसार ७० किलो वजनाच्या माणसात स्वतःच्या सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे जवळपास बरोबरी. आपल्या पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक तांबड्या रक्तपेशीच आहेत.

चांगली जमलेली स्लाइड काही दिवस टिकवता येईल का?
– विज्ञान मंडळ, एक माध्यमिक शाळा, बेळगाव

कांद्याची येईल. कव्हरस्लिपच्या एका कडेने ग्लिसरीन एक भाग, पाणी एक भाग असे मिश्रण सोडा, दुसरीकडून टिपकागदाने पाणी ओढून घ्या. जादा द्रव पुसून कडा पूर्ण कोरड्या करा, मग चारी बाजूंनी पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. ओल्या काचेवर ते धरत नाही. सपाट, सावलीत ठेवली तर काही आठवडे टिकते. आयोडीनचा रंग आधी उडतो, म्हणून टिकवायची स्लाइड सॅफ्रानिनची करा. ऱ्हिओच्या प्रयोगाची स्लाइड अशी ठेवू नका. ग्लिसरीन स्वतःच पेशीतले पाणी ओढते, आणि नंतर पाहणाऱ्याला तो संकोच मिठाने झाला की ग्लिसरीनने, हे सांगता येणार नाही.